स्टिरॉइडचा फवारा, नळीची दिशा आणि रात्रीची दुसरी बाटली

वाचकाचं पत्र

मी ३८ वर्षांची आहे. धुळीची ॲलर्जी बरीच जुनी. सकाळी उठल्या उठल्या शिंकांचा सपाटा सुरू होतो, दिवसभर नाक गळतं आणि रात्री दोन्ही नाकपुड्या चोंदतात. डॉक्टरांनी मोमेटासोनचा स्प्रे दिला आहे, रोज एकदा, प्रत्येक नाकपुडीत दोन फवारे. स्टिरॉइड आहे म्हटल्यावर घरातले सगळे घाबरले. सवय लागते, हाडं ठिसूळ होतात, असं ऐकून मी तो त्रास वाढला की तेवढ्यापुरता मारते, पण फारसा फरक पडत नाही. मागच्या आठवड्यात सलग पाच दिवस मारला, तर नाक शिंकरताना उजव्या नाकपुडीतून रक्त आलं, म्हणून बंद केला. झोप लागावी म्हणून रात्री दुकानातून आणलेला ऑक्सिमेटाझोलिनचा स्प्रे मारते, त्याने पाच-दहा मिनिटांत नाक मोकळं होतं. हे चार महिने चाललंय आणि हल्ली पहाटे तो पुन्हा मारावा लागतो. आता माझ्या सात वर्षांच्या मुलालाही मोमेटासोन लिहून दिलाय. त्याची उंची खुंटेल का? आणि मी हे औषध आयुष्यभर घ्यायचं का?

उत्तर

ज्या बाटलीला तुम्ही घाबरताय, ती रोज नियमाने वापरायची आहे. जिच्यावर तुमचा भरवसा आहे, ती लवकरात लवकर बंद करायची आहे. आणि नाकातून आलेल्या रक्ताचं कारण बहुधा नळी धरण्याच्या पद्धतीत आहे. तुमच्या पत्राचं उत्तर थोडक्यात एवढंच, पण तेवढ्याने घरच्यांची भीती जाणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी स्टिरॉइडबद्दल. हाडं ठिसूळ होणं, साखर वाढणं, चेहरा सुजणं हे परिणाम खरे आहेत, पण ते मुख्यतः स्टिरॉइडच्या गोळ्या किंवा इंजेक्शनं दीर्घकाळ घेणाऱ्यांत दिसतात. तिथे औषध रक्तातून सगळ्या शरीरात फिरतं. तुमच्या स्प्रेच्या एका फवाऱ्यात ५० मायक्रोग्रॅम मोमेटासोन असतं. दिवसाचे चार फवारे धरले तर २०० मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.२ मिलिग्रॅम. त्यातला काही भाग नाकाच्या अस्तरावर काम करतो, बराचसा हळूहळू घशात उतरून गिळला जातो, आणि गिळलेलं जवळजवळ सगळं औषध यकृतात निष्प्रभ होतं. मोमेटासोनचा १ टक्क्याहूनही कमी भाग रक्तात पोचतो, म्हणजे दिवसाला २ मायक्रोग्रॅमपेक्षा कमी. प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडची एक गोळी बरेचदा १० किंवा २० मिलिग्रॅमची असते, म्हणजे १०,००० किंवा २०,००० मायक्रोग्रॅम. दोन्ही औषधांची ताकद सारखी नाही, त्यामुळे आकड्याला आकडा भिडवून हिशेब करता येत नाही. तरीही हा फरक किती मोठा आहे ते घरच्यांना यावरून नक्की कळेल.

नाकात मारायची सगळीच स्टिरॉइड मात्र एका माळेची नाहीत. मोमेटासोन, फ्लुटिकासोन फ्युरोएट आणि फ्लुटिकासोन प्रोपिओनेट ही रक्तात फार कमी जातात, २ टक्क्यांच्या आतच. ब्युडेसोनाइड, बेक्लोमेथासोन आणि ट्रायमसिनोलोन त्याहून बरीच जास्त शोषली जातात. नेमून दिलेल्या मात्रेत तीही वापरली जातात, पण लहान मुलांना किंवा वर्षानुवर्षं द्यायचं असेल तर पहिल्या गटातलं औषध निवडणं शहाणपणाचं. आणि बीटामेथासोन किंवा डेक्सामेथासोनचे नाकात घालायचे थेंब हा अगदी वेगळा प्रकार आहे. ते महिनोन्महिने घातल्यामुळे गोळ्यांसारखे दुष्परिणाम झालेले रुग्ण आहेत. डॉक्टरांनी मोजून दिलेल्या दिवसांपलीकडे ते चालू ठेवू नयेत. तुमच्याकडे आहे तो मोमेटासोन, तेव्हा निर्धास्त राहा.

सवय लागते का? स्टिरॉइड स्प्रेची सवय लागत नाही. बंद केला की नाक आधी होतं त्याहून जास्त चोंदत नाही, फक्त ॲलर्जी शिल्लक असेल तर तिचा मूळ त्रास काही दिवसांत परत येतो. लोक याच परत येण्याला सवय समजतात.

नाक खऱ्या अर्थाने अडकतं ते ऑक्सिमेटाझोलिन आणि झायलोमेटाझोलिनसारख्या स्प्रेंमध्ये. ही औषधं नाकातल्या रक्तवाहिन्या आवळतात, त्यामुळे सुजलेलं अस्तर मिनिटांत बसतं. पण औषधाचा जोर ओसरला की त्या वाहिन्या पुन्हा फुगतात, आणि रोज मारत राहिलं तर आधीपेक्षा जास्त फुगतात. मग तेच नाक मोकळं करायला तीच बाटली लागते, आणि दोन माऱ्यांमधलं अंतर कमी कमी होत जातं. तुम्हाला तो आता पहाटे पुन्हा मारावा लागतोय, ही त्याचीच खूण. म्हणून ही औषधं सलग ३ दिवस, फार तर ५ दिवस वापरायची असतात. चार महिने म्हणजे फारच झाले. तुमच्या रात्रीच्या चोंदलेपणात ॲलर्जीचा वाटा किती आणि या बाटलीचा किती, हे ती सुटल्याशिवाय कळणारच नाही. शिवाय रक्तदाब जास्त असेल, हृदयाचा किंवा काचबिंदूचा त्रास असेल, तर ही औषधं आणखी जपून वापरायला हवीत.

ती सोडायची कशी, ते पुढे येतंय. आधी फवारा नीट मारायला शिकायला हवं, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं आहे.

दोन नाकपुड्यांच्या मध्ये पडदा असतो. त्याच्या पुढच्या भागात, म्हणजे बोट घातलं तर सहज लागेल अशा जागी, बारीक रक्तवाहिन्यांचं दाट जाळं अस्तराच्या अगदी जवळ असतं. बहुतेकांचा घोळणा तिथूनच फुटतो. आता उजव्या हाताने बाटली धरून नळी उजव्या नाकपुडीत घालून बघा, पण दाबू नका. मनगटाच्या नैसर्गिक वळणामुळे टोक आतल्या बाजूला, थेट पडद्याकडे झुकतं. रोज फवाऱ्याची धार त्याच एका ठिकाणी बसली की ती जागा कोरडी पडते, खपली धरते आणि नाक शिंकरताना खपली निघून रक्त येतं. तुमचं रक्त उजव्या नाकपुडीतूनच आलं, यावरून तुम्ही उजव्या हाताने मारत असाल असा आमचा अंदाज आहे. शिवाय पडद्यावर पडलेलं औषध वायाही जातं. ते लागायला हवं नाकाच्या बाहेरच्या भिंतीवरच्या मांसल उंचवट्यांवर, कारण सूज तिथे असते.

म्हणून हात उलटे वापरायचे. उजव्या नाकपुडीसाठी डावा हात, डाव्या नाकपुडीसाठी उजवा. ही एकच गोष्ट बदलली तरी टोक आपोआप बाहेरच्या बाजूला वळतं.

आता पूर्ण पद्धत. बाटली हलवून घ्या, कारण औषध पाण्यात विरघळलेलं नसतं, बारीक कणांच्या रूपात तरंगत असतं. न हलवता मारलं तर एका फवाऱ्यात कमी आणि दुसऱ्यात जास्त औषध येतं. नाक हळूच शिंकरून मोकळं करा. टोपण काढा. तर्जनी आणि मधलं बोट नळीच्या दोन्ही बाजूंच्या खांद्यांवर, अंगठा बाटलीच्या बुडाखाली. मान किंचित पुढे झुकवा, नजर पायांच्या बोटांकडे जाईल एवढी. पुष्कळ जण मान मागे टाकून मारतात, आणि मग औषध सरळ घशात जातं.

नळीचं टोक नाकपुडीच्या जेमतेम आत राहू द्या, वरपर्यंत खुपसू नका. टोक त्याच बाजूच्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे रोखा. आता एका झटक्यात, पूर्ण खोलीपर्यंत दाबा आणि त्याच वेळी नाकाने सावकाश श्वास आत घ्या. फुलाचा वास घ्यावा तेवढाच हलका. जोरात ओढलंत तर औषध नाकात न थांबता घशात उतरेल. श्वास तोंडाने सोडा. त्या नाकपुडीत दुसरा फवारा मारायचा असेल तर टोक थोडं खाली, कानाच्या दिशेने वळवा, म्हणजे औषध एकाच जागी साचणार नाही. मग हात बदलून दुसरी नाकपुडी. त्यानंतर १०-१५ मिनिटं नाक शिंकरायचं नाही. शिंक आलीच तर येऊ द्या, पण पुन्हा फवारा मारू नका.

चुकतंय कुठे ते लक्षणांवरून ओळखता येतं. घशात कडवट चव लागली तर श्वास जोरात ओढला गेला किंवा मान मागे गेली. औषध नाकातून ओघळून ओठावर आलं तर मान फार खाली गेली असेल, किंवा आत घेतलेला श्वास आणि दाबणं जुळलं नसेल. बारीक तुषार येण्याऐवजी पिचकारीसारखी धार येत असेल तर एक तर बाटली अर्धवट दाबली जातेय, किंवा नळीच्या तोंडाशी औषध सुकून बसलंय. पहिल्या दिवशी आरशासमोर उभं राहून, न दाबता फक्त दिशा तपासली तर बरंच काही लक्षात येतं.

नवी बाटली थेट नाकात मारायची नसते. पंपात आधी हवा असते. बारीक, एकसारखे तुषार दिसेपर्यंत हवेत, तोंडापासून दूर दाबत राहायचं. मोमेटासोनला साधारण १० वेळा, फ्लुटिकासोन प्रोपिओनेटला ६ वेळा. मोमेटासोन दोन आठवडे वापरला नसेल तर पुन्हा दोन वेळा हवेत मारून घ्यायचा, आणि फ्लुटिकासोन प्रोपिओनेटला हीच वेळ आठवड्याभरातच येते. तुमच्यासारखं कधीतरी मारणाऱ्यांचा पहिला फवारा अनेकदा रिकामा जातो तो यामुळेच, आणि मग वाटतं औषधात दम नाही. नेमका आकडा बाटलीसोबतच्या कागदावर असतो. तो कागद फेकू नका.

रोज वापर झाल्यावर टोक कोरड्या कागदी रुमालाने पुसा आणि टोपण लावा. आठवड्यातून एकदा वरचा पांढरा भाग काढून कोमट पाण्याखाली धुवा, पूर्ण वाळवा, परत बसवून हवेत एक-दोन फवारे मारा. छिद्र बुजलं तरी त्यात टाचणी कधीही घालू नका, छिद्र मोठं झालं की मात्रा बिघडते. बाटली एकाची एकानेच वापरायची. मुलाची वेगळी ठेवा, औषध तेच असलं तरी.

एक हिशेब बहुतेकांचा राहून जातो. १२० फवाऱ्यांची बाटली रोज चार फवाऱ्यांनी ३० दिवसांत संपते, सुरुवातीला हवेत गेलेले फवारे काही कंपन्या त्यात धरतात, काही धरत नाहीत. तळाला औषध हलताना दिसतं म्हणून पुढेही मारत राहिलं तर फवाऱ्यात नेमकं किती औषध येतंय याची खात्री उरत नाही. सुरू केल्याची तारीख बाटलीवर पेनाने लिहून ठेवा. उघडलेली बाटली किती दिवस चालते तेही खोक्यावर दिलेलं असतं, मोमेटासोनच्या बऱ्याच बाटल्यांना ही मुदत २ महिने असते.

आता फरक का पडत नाही, ते. स्टिरॉइड रक्तवाहिन्या आवळत नाही. ते नाकाच्या अस्तरातल्या पेशींत शिरून सूज निर्माण करणाऱ्या रसायनांचं उत्पादन कमी करतं, आणि याला वेळ लागतो. काहींना १२ तासांत थोडं हलकं वाटतं, पण पूर्ण परिणामाला एक ते दोन आठवडे रोजचा वापर लागतो. पाच मिनिटांत नाक उघडणाऱ्या बाटलीशी त्याची तुलना केली की ते नेहमीच हरणार. ज्यांना वर्षातून एखादा हंगामच त्रास होतो त्यांना गरजेपुरत्या वापराचाही थोडाफार उपयोग होतो, आणि त्यांनी हंगामाच्या दोन आठवडे आधी सुरुवात केली तर जास्तच. तुमचा त्रास बारमाही आहे, धुळीचा आहे. तुम्हाला रोजच लागेल.

वेळ सकाळची असो की रात्रीची, ठरलेली ठेवा. आम्ही सकाळी, दात घासायच्या आधीची सुचवू. बाटली ब्रशजवळ ठेवली की विसर पडत नाही, आणि घशात उतरलेल्या औषधाची चव चूळ भरल्यावर जाते. एखाद्या दिवशी विसरलात तर आठवेल तेव्हा मारा, दुसऱ्या दिवशीची वेळ जवळ आली असेल तर तो दिवस सोडून द्या. दुप्पट मात्रा कधीच नाही.

नाकात शेंबूड भरलेला असेल तर औषध अस्तरापर्यंत पोचत नाही. त्यासाठी आधी मिठाच्या पाण्याने नाक धुणं फार उपयोगी. साधारण २४० मिलिलिटर पाण्यात अर्धा छोटा चमचा आयोडीन नसलेलं मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा. पाणी उकळून गार केलेलं किंवा डिस्टिल्ड हवं. यात तडजोड नको. नळाच्या कच्च्या पाण्यात क्वचित असा अमीबा असतो जो प्यायल्याने काही करत नाही, पण नाकातून वर गेला तर मेंदूचा जीवघेणा संसर्ग होतो. धुण्याचं भांडंही रोज धुऊन कोरडं ठेवा. आधी नाक धुवायचं, १० मिनिटं थांबायचं, मग स्प्रे. उलट केलं तर औषध वाहून जाईल.

रक्ताचं काय करायचं? उजव्या नाकपुडीत दोन-तीन दिवस स्प्रे मारू नका, डाव्या बाजूला चालू ठेवा. या दिवसांत साध्या सलाइनचे (मिठाच्या पाण्याचे) फवारे दिवसातून तीन-चार वेळा मारून आतला भाग ओला ठेवा. खपली नखाने काढायची नाही, नाक जोरात शिंकरायचं नाही. मग हात बदलून, दिशा सुधारून पुन्हा सुरू करा. शिंकरताना रक्ताची रेघ येणं हा या स्प्रेंचा सर्वांत नेहमीचा त्रास आहे, आणि पद्धत सुधारली की बहुतेकांचा थांबतो. पण सुधारूनही पुन्हा पुन्हा येत असेल, नाकात सतत खपल्या धरत असतील किंवा श्वास घेताना नाकातून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, तर स्प्रे थांबवा आणि कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून पडदा तपासून घ्या. पडद्याला भोक पडणं दुर्मीळ आहे, पण त्याची ओळख याच लक्षणांवरून होते. ज्यांच्या नाकाची नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे किंवा नाकाला मार लागला आहे, त्यांनी जखम पूर्ण भरेपर्यंत स्प्रे मारूच नये, कारण स्टिरॉइडमुळे जखम भरायला उशीर होतो.

घोळणा जास्त फुटला तर बसा आणि पुढे झुका. हाडाच्या खालचा नाकाचा मऊ भाग चिमटीत घट्ट धरा, तोंडाने श्वास घ्या आणि सलग १० ते १५ मिनिटं सोडू नका. थांबलं का ते बघायला मधेच चिमटी सोडली की सगळं पहिल्यापासून. मान मागे टाकू नका, रक्त पोटात जाऊन उलटी होते. अर्ध्या तासात थांबलं नाही, रक्त भरपूर येत असेल, किंवा रक्त पातळ करण्याची औषधं चालू असतील तर थेट दवाखाना गाठा.

आता दुसऱ्या बाटलीकडे वळू. ऑक्सिमेटाझोलिन एकदम बंद करता येतं, पण पहिले काही दिवस इतके त्रासाचे जातात की बरेच जण तिसऱ्या रात्री हार मानतात. तुम्ही एक एक नाकपुडी सोडवा. पहिला आठवडाभर मोमेटासोन रोज, बरोबर पद्धतीने मारा, म्हणजे त्याचा परिणाम उभा राहू द्या. या आठवड्यापुरती मोमेटासोनची वेळ रात्रीची ठेवा. ऑक्सिमेटाझोलिन मारल्यावर १० मिनिटांनी, नाक उघडं असताना मोमेटासोन मारा, म्हणजे तो आतवर पोचेल. मग ऑक्सिमेटाझोलिन एका नाकपुडीत पूर्ण थांबवा, दुसरीत फक्त रात्रीचा एक. पहाटेचा मारा याच दिवशी संपला. पहिली नाकपुडी मोकळी राहायला लागली की, साधारण आठवड्याने, दुसरीतही थांबवा.

थांबवलेल्या बाजूला पहिले तीन-चार दिवस नाक दगडासारखं बंद वाटेल. हे अपेक्षित आहे, आणि यात घाबरण्यासारखं काही नाही. बहुतेकांचं एक-दोन आठवड्यांत निवळतं, दीर्घ वापरानंतर थोडं जास्तही लागू शकतं. या काळात डोक्याखाली एक उशी जास्त घ्या, झोपण्याआधी सलाइनने नाक धुवा, थांबवलेली बाजू वर राहील अशा कुशीवर झोपा. फारच असह्य झालं तर पुन्हा बाटली उचलण्यापेक्षा डॉक्टरांना भेटा. आणि घरातल्या सगळ्या सर्दीच्या स्प्रेंची खोकी नीट वाचा. काही बाटल्यांत स्टिरॉइडसोबत ऑक्सिमेटाझोलिन मिसळलेलं असतं. तसा स्प्रे हाती लागला तर एकीकडून सोडलेलं औषध दुसरीकडून नाकात जात राहील.

मोमेटासोन चार आठवडे नीट वापरून बघा. फरक पडला तर डॉक्टरांशी बोलून प्रत्येक नाकपुडीत एक फवारा, म्हणजे निम्मी मात्रा, यावर यायचं आणि तेवढ्यावर त्रास आटोक्यात राहतो का ते बघायचं. आयुष्यभर घ्यायचं का, याचं उत्तरही यातच आहे. ज्या सर्वांत कमी मात्रेवर तुम्ही बऱ्या राहता ती तुमची मात्रा, आणि धूळ कमी झाली, पांघरुणं-अभ्रे दर आठवड्याला ६० अंशांच्या गरम पाण्यात धुतले गेले, गादी-उशीला धुळीतले किडे अडवणारी खोळ बसली, तर काही काळ औषधाशिवायही जाऊ शकतो. चार आठवड्यांत काहीच फरक नसेल तर फवारे वाढवू नका. तपासायच्या गोष्टी तीन. पद्धत बरोबर आहे का, रोज मारलं जातंय का, आणि मुळात त्रास ॲलर्जीचाच आहे की आत कोंब (अस्तराची मऊ गाठ, पॉलिप) वाढलाय किंवा पडदा वाकडा आहे. शिंका आणि खाजच जास्त उरली असेल तर सेट्रिझिन, फेक्सोफेनाडिनसारख्या ॲलर्जीविरोधी गोळीची किंवा त्याच प्रकारच्या ॲझेलास्टिनच्या स्प्रेची जोड देता येते. चोंदलेल्या नाकावर मात्र गोळीपेक्षा स्टिरॉइड स्प्रे सरस ठरतो, तेव्हा गोळी त्याच्या जागी घेऊ नका.

डॉक्टरांना काही गोष्टी आवर्जून सांगा. काचबिंदू किंवा मोतीबिंदू असेल, दम्यासाठी स्टिरॉइडचा पंप चालू असेल (दोन्हींची बेरीज धरावी लागते), गरोदर असाल किंवा तसा विचार असेल. आणि एचआयव्हीवरची रिटोनाविर किंवा कोबिसिस्टॅट असलेली औषधं, बुरशीवरच्या इट्राकोनाझोल किंवा केटोकोनाझोलच्या गोळ्या. ही औषधं यकृतातली तीच यंत्रणा अडवतात जी गिळलेलं स्टिरॉइड निकामी करते. फ्लुटिकासोनसोबत रिटोनाविर घेतल्याने साध्या नाकाच्या स्प्रेचेही गोळ्यांसारखे दुष्परिणाम झाल्याची उदाहरणं आहेत.

मुलाबद्दलची तुमची काळजी अगदी रास्त आहे आणि तिचं उत्तर आकड्यांत देता येतं. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६ ते ९ वर्षांच्या मुलांना वर्षभर बेक्लोमेथासोन दिवसातून दोनदा दिलं होतं. ती मुलं वर्षात सरासरी ५ सेंटिमीटर वाढली, औषध नसलेला फवारा मिळालेली मुलं ५.९ सेंटिमीटर. म्हणजे फरक जवळजवळ एक सेंटिमीटरचा. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात मोमेटासोन, रोज १०० मायक्रोग्रॅम, वर्षभर दिलेल्या मुलांची वाढ खुंटलेली दिसली नाही. तुमच्या मुलाची मात्रा हीच, प्रत्येक नाकपुडीत रोज एक फवारा. तुमच्याइतकी नव्हे, निम्मी. औषध निवडताना डॉक्टरांनी योग्यच निवडलंय.

तरीही लक्ष ठेवायचं. औषध सुरू करायच्या दिवशी त्याची उंची मोजा, पायात काही न घालता, टाचा भिंतीला टेकवून, आणि दर तीन-चार महिन्यांनी त्याच पद्धतीने मोजून तारखेसह लिहून ठेवा. सात वर्षांचं मूल वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटिमीटर वाढतं. सहा-आठ महिन्यांत वाढ स्पष्ट मंदावलेली दिसली तर ती वही घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जा. त्याला दम्याचा पंप किंवा त्वचेवर स्टिरॉइडचं मलम चालू असेल तर तेही सांगा. फवारा तुम्हीच मारा. मुलाच्या मागे उभं राहिलात तर दिशा चांगली साधते, उजव्या नाकपुडीसाठी टोक त्याच्या उजव्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे, डावीसाठी डाव्या. त्याला "जोरात ओढ" असं सांगू नका, मुलं ते फार मनापासून करतात आणि सगळं औषध घशात जातं. ऑक्सिमेटाझोलिनची बाटली त्याच्या हाती लागणार नाही अशी ठेवा. ते गिळलं तर लहान मुलांत गुंगी, श्वास मंदावणं असे गंभीर परिणाम होतात.

शेवटी काही लक्षणं, जी ॲलर्जी समजून अंगावर काढायची नाहीत. फक्त एकाच बाजूचं नाक सतत बंद, किंवा एकाच बाजूने रक्तमिश्रित वा दुर्गंधीयुक्त स्राव. दहा दिवसांपेक्षा जास्त चाललेला घट्ट पिवळा-हिरवा शेंबूड आणि चेहऱ्यात दुखणं, ताप. वास येणं बंद होणं. नजर धूसर होणं, डोळा दुखणं, डोळ्याभोवती सूज. स्प्रे मारल्यावर ओठ-चेहऱ्याला सूज किंवा श्वासाला त्रास. यातलं शेवटचं किंवा डोळ्यांचं काही झालं तर लगेच दवाखान्यात जा. तुमच्या उजव्या नाकपुडीतलं रक्त पद्धत बदलल्यावरही तीन-चार आठवड्यांनी येत असेल, तर तेही एकदा तज्ज्ञांना आतून बघू द्या.